पाच दिवसांचं औषध

दिवाळे, बेलापूर
१७ ऑक्टोबर १९९३

बाय सुचिता,

तुजं पत्र आलं, फोटो पन आला. कोट चांगला हाय, पन अंगाला ढिला वाटतो. जेवतेस ना नीट?

इकडचं बरं चाललंय. धनेश आनि प्रेमला गनपतीनंतर नेरूळच्या ब्लॉकमधी राहायला गेली. मना पन बोलवत होती, मी नाय गेलो. तुजी आई ज्या घरात गेली ते घर बंद करून चौथ्या माळ्यावर बसून काय करू? धनेश आता द्रोणागिरीच्या गोदामावर सुपरवायझर हाय. रविवारी येतो, चा पितो, घड्याळ बघतो. शेजारची शकुबाई मासळी घेऊन बाजारात जायच्या आधी रोज दारातून हाक मारते. मी ‘हाय गो, हाय’ म्हनतो, की ती जाते.

मिठागर बंद झाल्यापासून दिवस सरत नाय. बत्तीस वर्षं मुकादमकी केली. आता बांधावर जाऊन नुसता उभा राहतो. पलीकडनं मातीचे डंपर येतात, भराव टाकतात. खाडी मागं मागं चालली हाय.

आता कामाचं. नाक्यावर लोक विचारतात, ‘गोटीराम, पोरगी इलायतेत काय शिकते?’ मी सांगत होतो, तापाचं औषध काढते. परवा हिरामन मास्तर म्हनाला, ‘ताप काय एक हाय का? कुठला ताप? आनि औषध काढते म्हनजे काय करते?’ मना वाईट वाटलं, मास्तरमुळं नाय, आपल्याच पोरीचं आपल्याला म्हायती नाय म्हनून. तर बाय, सातवी शिकलेल्या मानसाला समजेल असं सगळं लिही. पत्र लांब झालं तरी चालेल.

माजं अक्षर बारीक आलंय. एका कागदात जास्ती मावावं म्हनून बारीक लिहितो. भिंग घेऊन वाच.

तुजा बाबा,
गोटीराम


लीड्स
६ नोव्हेंबर १९९३

प्रिय बाबा,

पत्र वाचून मला माझीच लाज वाटली. इथे येऊन दोन वर्षं झाली आणि मी तुम्हाला फक्त थंडी आणि जेवण कळवत बसले. आणि हो, कागद कसला वाचवता? दोन कागद वापरा. खरोखरच भिंग लागलं मला.

हिरामण मास्तरांना सांगा, ताप म्हणजे फ्लू. थंडीत येतो, अंग मोडून टाकतो, म्हातारी माणसं कधी कधी त्यातच जातात. तो एका विषाणूमुळे होतो. विषाणू इतका लहान, की साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसतसुद्धा नाही. त्याला स्वतःचं घर नसतं. तो आपल्या शरीरातल्या पेशीत शिरतो, तिच्याच चुलीवर, तिच्याच भांड्यात स्वतःची हजारो पिल्लं शिजवतो आणि बाहेर पडतो.

त्याच्याकडे सामान म्हणून आठ चिठ्ठ्या असतात. कोणतं प्रथिन कसं बनवायचं ते त्यांत लिहिलेलं असतं. पण कोणतं प्रथिन काय काम करतं, ते चिठ्ठी वाचून कळत नाही. मग आम्ही उलटीकडून जातो. चिठ्ठीतलं एखादं अक्षर आपोआप बदललेला विषाणू शोधायचा आणि त्याचं काय अडतं ते बघायचं. जे अडलं, ते त्या प्रथिनाचं काम. एक उदाहरण देते. एका प्रथिनात बिघाड असलेले विषाणू पेशीत शिरतात, वाढतात, पण बाहेर आले की दारातच एकमेकांना चिकटून गोळा होऊन बसतात. त्यावरून कळलं, की त्या प्रथिनाचं काम सुटका करून देणं.

माझं प्रथिन सगळ्यांत छोट्यांपैकी एक. सत्त्याण्णव मण्यांची माळ म्हणा. चार माळा जवळ येऊन विषाणूच्या सालीत एक नळी तयार होते. पेशीने विषाणूला गिळलं की नळीतून आंबट पाणी आत शिरतं, आणि त्या आंबटपणाने विषाणू उकलतो. अमँटाडिन नावाचं एक औषध या नळीला बूच मारतं, मग विषाणू उकलतच नाही. मी काय करते, औषध घालूनसुद्धा जे विषाणू वाढतात ते वेगळे काढते आणि त्यांची चिठ्ठी वाचते. बदल नेहमी त्याच मण्यांत सापडतो, सत्ताविसावा, तिसावा, एकतिसावा, चौतिसावा. म्हणजे औषधाचा परिणाम त्या नळीच्या त्याच भागावर होतो.

हे सगळं मी कोंबडीच्या उबवलेल्या अंड्यांत वाढवते. रोज सकाळी काळोख्या खोलीत एकेक अंडं दिव्यासमोर धरायचं, आत पिल्लू हलतंय का बघायचं. आईने मला हे करताना पाहिलं असतं तर घरात घेतलं नसतं.

सध्या मी एका जागी अडकले आहे. पक्ष्यांच्या फ्लूचा एक बदललेला विषाणू आहे माझ्याकडे. तो पेशीत व्यवस्थित शिरतो, उकलतो, पिल्लंही होतात, पण बाहेर येतात ती मेलेली. नळी तर आत येताना लागते. मग बाहेर पडताना काय बिघडतं? माझं काम बघणाऱ्या आमच्या बाई म्हणतात, दोन महिने दिलेस, आता सोडून दे.

तब्येतीला जपा. रविवारी दादाला घड्याळ काढून बसायला सांगा.

तुमची
सुचिता


दिवाळे
१८ नोव्हेंबर १९९३

बाय सुचिता,

तुजं पत्र मी चार येळा वाचलं. मग मास्तरला नेऊन वाचून दाखवलं. तो म्हनाला, ‘गोटीराम, ही तर घर पाडून घर समजून घेते.’ मी म्हटलं, नाय, एक खिळा काढून बघते.

आता मी एक लिहितो, हसू नको. मिठागराच्या बांधाला आपली उघाडी होती तुला आठवत असेल, लाकडी झापेचं दार. भरती आली की उघडायची, खारं पानी आत घ्यायचं. मी नवीन लागलो त्या साली झाप अर्ध्यावर अडकली. पानी येत होतं, मीठ पिकत होतं, म्हनून कोनी बघितलं नाय. पावसाळा आला. वरचं गोडं पानी आत साचलं आनि त्याला जायला वाट नाय. तीन दिवसांत बांध आतल्या बाजूनं फुटला. तवा मुकादम म्हनाला, आपुन हिला पानी घ्यायचं दार समजत होतो, ही पानी सोडायचं पन दार हाय.

तुजी नळी येताना लागते म्हनतेस. जाताना पन लागत असेल. आत कायतरी साचत असेल, आनि पिल्लं बाहेर यायच्या आदीच त्यात मरत असतील. एकदा बघ. येडा म्हन पायजे तर.

आनखी एक विचारायचं हाय. आपल्या ओळखीचा एक मानूस हाय, वयस्क. वाशीच्या डॉक्टरनं त्याला एक कॅप्सूल लावून दिली हाय, सकाळी एक, सांजेला एक. वर्ष झालं. पाकिटावरचं नाव इंग्रजीत हाय. मी मेडिकलवाल्याकडनं वाचून घेतलं, तर तू लिहिलेलंच निघालं, अमँटाडिन. तवापासनं तो मानूस घोटाळ्यात पडला हाय. डॉक्टरनं चुकीचं दिलं की काय? खायची का नाय? तू त्यातलीच शिकतेस, तर तू म्हनशील तसं तो करील.

इकडं रेल्वे बेलापूरला आली. मी अजून बसलो नाय.

तुजा बाबा


लीड्स
१७ डिसेंबर १९९३

बाबा, बाबा, बाबा,

उघाडीच!

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी हसले होते, खरं सांगते. पण मनातून जाईना. मग दोन आठवडे कोणाला न सांगता तपासलं. नवीन पिल्लं पेशीतून बाहेर येतात त्या वाटेवरही आंबटपणा साचतो. चांगली नळी तो हळूहळू सोडून देते. माझ्या विषाणूची नळी ते करतच नाही. मग पिल्लांच्या अंगावरचे काटे, जे पुढच्या पेशीत शिरतानाच उघडायला हवेत, ते वाटेतच उघडतात आणि निकामी होतात. परदेशातल्या एकदोन लोकांनी या वाटेवरच्या आंबटपणाबद्दल आधी लिहिलंय, पण एका मण्याच्या बदलाने नळीचं हे दुसरं काम इतकं स्वच्छ वेगळं निघालेलं मी कुठे वाचलं नाही. सोमवारी सगळ्यांसमोर मांडलं. बाईंनी विचारलं, हे सुचलं कसं? मी म्हटलं, माझे वडील मिठागरावर मुकादम होते. कोणी हसलं नाही. बाई म्हणाल्या, त्यांना माझा नमस्कार कळव.

तुमच्या त्या ओळखीच्या माणसाला सांगा, हे फ्लूचं औषध आहे. पाच दिवस घ्यायचं, फार तर सात. वर्षभर खाण्यात काही अर्थ नाही. उलट अशाने औषध बोथट होतं, विषाणू त्याला दाद देईनासा होतो. माझं सगळं कामच त्यावर आहे. डॉक्टरांचं काय, एकदा लिहून दिलं की कोणी परत बघत नाही. बंद करा म्हणावं खुशाल.

नाताळची टपालाची शेवटची वेळ गाठायची आहे, म्हणून घाईत. शकुबाईला आणि दादा-वहिनीला सांगा, मी खूप आनंदात आहे.

तुमची
सुचिता


दिवाळे
५ जानेवारी १९९४

बाय सुचिता,

पत्र मिळालं. मास्तरला वाचून दाखवलं. आनंद झाला, किती झाला ते लिहिता येत नाय. तुजी आई पायजे होती.

त्या मानसाला तुजा निरोप सांगितला. त्यानं त्याच दिवशी कॅप्सूल बंद केली. म्हनतो, डॉक्टर किती शिकला तरी परका, ही आपली हाय.

आज थोडंच लिहितो. थंडी हाय, हात जड हाय.

बाबा


नेरूळ
९ फेब्रुवारी १९९४

प्रिय सुची,

दादाचं पत्र बघून घाबरू नकोस. तुझी दोन पत्रं बाबांच्या नावावर आलीत, मी फोडली नाहीत. दोनदा एसटीडी बूथवरून तुझ्या हॉस्टेलला फोन लावला. कोणी बाईने उचलला, मला इंग्लिशमध्ये काय बोलावं सुचलंच नाही, ठेवून दिला. म्हणून लिहितो.

बाबा हॉस्पिटलमध्ये आहेत. आज पंचवीस दिवस झाले. पंधरा जानेवारीला सकाळी शकुबाईने हाक मारली, आतून उत्तर नाही. तिला वाटलं बाहेर गेले असतील. दुपारी बाजारातून परत आली तरी दार तसंच. मग तिने लोकांना बोलावून दार तोडलं. बाबा पलंगावर होते, डोळे उघडे. पण हलता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. अंग लाकडासारखं कडक आणि तापाने फणफणलेलं. घशात लाळ अडकून खरखर आवाज येत होता. मला गोदामावर निरोप आला तेव्हा चार वाजले होते.

डॉक्टर म्हणाले, यांना कंपवात आहे, दीड-दोन वर्षं तरी झाली असतील. मी म्हटलं शक्यच नाही, दर रविवारी बघतो मी त्यांना. त्यांनी मला बाबांचा उजवा हात धरायला लावला. सुची, तो हात मांडीखाली का ठेवून बसायचे ते मला तेव्हा कळलं.

वाशीला एका डॉक्टरचं औषध चालू होतं, कोणाला न सांगता. त्यातली एक कॅप्सूल एकदम बंद केली, त्यामुळे हे झालं असं डॉक्टर म्हणतात. ती हळूहळू कमी करायची असते, एकदम सोडायची नसते. बाबांना आता थोडं बोलता येतं. डॉक्टरांनी विचारलं तर म्हणतात, ‘विसरलो.’ कोणी सांगितलं होतं का विचारलं, तर तोंड फिरवतात.

मधे न्यूमोनिया झाला होता, त्यातून निघाले. आता नळीने जेवण चालू आहे. तू धावत येऊ नकोस. परीक्षेचं का काय ते पुरं कर. इथे मी आहे, प्रेमला आहे. टेन्शन घेऊ नकोस.

दादा


लीड्स
२४ फेब्रुवारी १९९४

दादा,

त्या कॅप्सूलचं नाव तू लिहिलं नाहीस. मला माहीत आहे. अमँटाडिन.

मी सांगितलं बंद करायला. बाबांनी नोव्हेंबरमध्ये विचारलं होतं, ‘ओळखीचा एक माणूस’ म्हणून. वयस्क माणूस, वर्षभर, रोज दोन वेळा, एवढं सगळं त्यांनी लिहिलं होतं. त्यातून फ्लू कसा निघेल? वर्षभर कोणाला फ्लू असतो? मी ते वाक्य वाचलंच नाही धड. माझा प्रयोग लागला होता, मी नाचत होते, आणि नाचता नाचता चार ओळींत उत्तर फेकलं.

आणि मला माहीत नव्हतं असं नाही. तेच सगळ्यांत वाईट आहे. हे औषध कंपवाताला चालतं हे माझ्या पुस्तकात पहिल्या-दुसऱ्या पानावर आहे. पंचवीसएक वर्षांपूर्वी अमेरिकेत कंपवात असलेल्या एका बाईंनी फ्लू होऊ नये म्हणून हे घेतलं. घेत होत्या तोवर थरथर कमी, अंग मोकळं. सहा आठवड्यांनी थांबवलं आणि सगळं परत आलं. त्यावरून जगाला कळलं, की हे त्या आजारावरही चालतं. औषध थांबवल्यावर काय झालं, ती गोष्ट मी नव्या मुलांना स्वतः सांगितली आहे, गंमत म्हणून.

बाबांचं अक्षर बारीक होत चाललं होतं. ते या आजाराचं लक्षण असतं. मी त्यांना लिहिलं, कागद वाचवू नका.

मी इथे एक अक्षर बदललं तर काय अडतं ते बघते, आणि त्यासाठी दहा वेळा तपासते. तिथे माणसाचं औषध बंद करायला सांगताना एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. कोण आहे, काय होतंय त्याला, एवढंच विचारायचं होतं. पत्राला पंधरा दिवस गेले असते, बस.

बाबांना मी काय लिहू ते मला कळत नाही. म्हणून तुला लिहितेय. तू काय म्हणशील ते म्हण.

सुचिता


नेरूळ
२० मार्च १९९४

सुची,

तुझं पत्र यायच्या आधीपासून मला माहीत होतं. बाबांना हॉस्पिटलात नेलं त्याच दिवशी घरात औषधं शोधताना फळीवरचा डबा सापडला. कॅप्सूलची पाकिटं होती आणि त्यांच्याभोवती तुझं डिसेंबरचं पत्र गुंडाळलेलं. तिथेच उभ्याने वाचलं. प्रेमलालासुद्धा दाखवलं नाही.

पहिल्या पत्रात तुला ते लिहिलं नाही, कारण बाबांनी शपथ घातली होती. बोलता यायला लागल्यावर पहिलं वाक्य तेच बोलले, ‘सुचीला नको.’ आणि दुसरं खरं कारण सांगू? मी लिहायला बसलो असतो तर फार वाईट लिहिलं असतं. दोनदा लिहून फाडलं. आख्खा जन्म घर तुझ्या शिक्षणासाठी थांबलं, आईच्या आजारपणात तुझा अभ्यास म्हणून मी एकटा धावलो, आणि तू चार ओळी लिहून मोकळी झालीस. असं सगळं लिहिलं होतं.

मग एक दिवस बाबांची दाढी करत होतो. त्यांचा चेहरा हलत नाही आता, हसले तरी कळत नाही. मला आठवलं, दिवाळीतच तो तसा झाला होता. प्रेमला म्हणाली पण होती, बाबा रागावलेत का? मी म्हटलं, म्हाताऱ्याचं नेहमीचंच. सुची, तू समुद्रापलीकडून बघितलं नाहीस. मी नेरूळहून. रिक्षाने पंधरा मिनिटं.

मी तुला माफ केलं असं लिहावं असं प्रेमला म्हणते. लिहायला गेलो तर खोटं वाटतं. माझ्यावरचा राग कुठे संपतो आणि तुझ्यावरचा कुठे चालू होतो तेच कळत नाही. राहू दे सध्या.

बाबांना आमच्याकडे आणलंय. कॅप्सूल परत चालू केली, आणखी एक गोळी जोडली. पहिल्यासारखं होणार नाही असं डॉक्टरने स्पष्ट सांगितलं. धरून चार पावलं चालतात. घास गिळायला वेळ लागतो. दिवाळ्याच्या घराला कुलूप लावलंय.

बाबांना पत्र लिही. काय लिहायचं ते मला विचारू नकोस.

दादा


नेरूळ
१७ एप्रिल १९९४

बाय सुचिता,

तुजं पत्र प्रेमलानं वाचून दाखवलं. तिला रडू आलं, म्हनून मग धनेशनं वाचलं.

तू इचारलं नाय लिहितेस. मी सांगितलं कुठं? मानूस माजा ओळखीचा म्हटलं. ते खोटं नव्हतं. पन तू वाचून ओळखशील, अशी पन आशा होती थोडी. आनि ओळखू नये, अशी पन. ओळखलं असतंस तर शिकनं टाकून आली असतीस. आईच्या येळी येत होतीस, मीच थांबवलं. या येळी पन थांबवायचं होतं.

चूक दोघांची हाय. म्हातारा म्हनून जास्ती माजी.

शिकनं सोडू नको. सोडलंस तर माजा हात फुकट गेला.

गोटीराम

(सुचिताताई, हे पत्र तीन दुपारी बसून लिहिलं. बाबांचा आवाज अगदी बारीक झालाय, तोंडाशी कान न्यावा लागतो. एकेक शब्द सांगतात, मधेच झोपतात. त्यांनी सांगितलं तसंच लिहिलंय. सही स्वतः करतो म्हणाले, पण कागदावर रेघ उमटली नाही, म्हणून नाव मीच लिहिलं. मे महिन्यात जमलं तर याच. ‘येऊ नको’ लिही म्हणाले होते, ते एवढं मी लिहिलं नाही. – प्रेमला)


नेरूळ
२४ जुलै १९९४

सुची,

तू परत लीड्सला पोचल्याचं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. पावसात गोदामात पाणी शिरलं होतं, आठ दिवस तिकडेच होतो.

बाबा आहेत तसे आहेत. तू आणलेली छोट्या मुठीची काठी वापरतात. संडासला अजून मी नाहीतर प्रेमला लागते. गेल्या आठवड्यात गादीवरून सरकले, लागलं नाही. मास्तर एकदा भेटून गेले. त्यांच्याशी बोलले थोडं, मग डोळे मिटून घेतले.

एक सांगायचंय. सांगू की नको करत होतो.

तू इथे बावीस दिवस होतीस. कॅप्सूल तूच द्यायचीस. तेव्हा मी लक्ष दिलं नव्हतं, पण प्रेमलाने बघितलं होतं. तू कॅप्सूल हातावर ठेवलीस की बाबा तुझ्याकडे बघून विचारायचे, ‘घेऊ?’ आणि तू ‘हो बाबा, घ्या’ म्हटल्याशिवाय तोंडात टाकायचे नाहीत. दोन्ही वेळेला, रोज. ती म्हणते, पाठमोरी होऊन पाण्याचा ग्लास भरताना तुझे खांदे हलायचे. तू मला काही बोलली नाहीस. तुझ्या मनात काय चाललं होतं ते मला आता कळतंय.

तू गेल्यावर पहिल्या सकाळी मी कॅप्सूल दिली. हातात धरून बसले. म्हटलं, घ्या बाबा. तर म्हणाले, ‘सुचीला विचारलंस?’ मी म्हटलं, डॉक्टरने सांगितलंय. ऐकेनात. अर्धा तास झाला, हात कापत होता, कॅप्सूल खाली पडली, उचलून परत दिली. शेवटी मी म्हटलं, हो, विचारलं, ती घ्या म्हणाली. लगेच घेतली.

तेव्हापासून रोज दोनदा मी हे खोटं बोलतोय. प्रेमलापण बोलते. मला आधी भयंकर राग आला. तुझ्यामुळे हे झालं, आणि माणूस अजून तुलाच विचारतोय. आता राग नाही येत. कंटाळा येतो, आणि भीती वाटते. एखाद्या दिवशी ते म्हणतील, कधी विचारलंस? फोन कुठून केलास? मग काय सांगू?

ब्लॉकमध्ये फोन यायला अजून वर्ष लागेल म्हणतात. तोपर्यंत तूच काहीतरी कर.

दादा


लीड्स
१० ऑगस्ट १९९४

दादा,

तुझं पत्र गेल्या आठवड्यात आलं. खोटं बोलायला लावल्याबद्दल तुझी आणि वहिनीची क्षमा मागते. आता बोलावं लागणार नाही.

सोबत वेगळा कागद आहे, मोठ्या अक्षरात. बाबांना पलंगावरून दिसेल असा लाव. तीन वेळा लिहिला. पहिल्या दोनांत काय झालं, का झालं, औषध कसं चालतं, माझं चुकलं, सगळं लिहिलं होतं. मग ते काढून टाकलं. त्यांना तेवढंच हवंय जेवढं त्यांनी विचारलं.

हा कागद लिहायच्या आधी इथल्या कंपवाताच्या डॉक्टरांकडे जाऊन आले, बाबांचे सगळे कागद नेऊन. आणि आज पहाटे वाशीच्या डॉक्टरांना दवाखान्यात फोन केला. ते आधी चिडले, मग बोलले. दोघांनी एकच सांगितलं.

माझा प्रबंध डिसेंबरात पुरा होईल. पुढचं अजून ठरवलं नाही.

सुचिता


बाबा,

ही कॅप्सूल तुमची आहे. सकाळी एक, संध्याकाळी एक. रोज घ्यायची. दादा देईल तेव्हा घ्यायची, वहिनी देईल तेव्हा घ्यायची. डॉक्टर सांगेपर्यंत बंद करायची नाही. मी सांगितलं तरी नाही.

या वेळी मी आधी विचारलं आहे.

सुचिता